बाबांची पदावनती

वडिलांना बढती मिळावी म्हणून साहेबाच्या दारात चपला झिजवणारे मुलगे जगात पुष्कळ असतील. वडिलांना जरा खाली उतरवा हो, म्हणून चपला झिजवणारा बहुधा मी एकटाच. त्यातून ती बढती त्यांना आयुष्यात पहिल्यांदा मिळालेली, तीही निवृत्तीनंतर, आणि तीही कुंग-फूमध्ये. हे वाक्य मी ज्याला ज्याला ऐकवलंय त्याने एक पाऊल मागे घेतलंय. कुंग-फूला घाबरून नव्हे. मला.

बाबा एका मोठ्या कचेरीत आस्थापना शाखेत होते. कुणाची बढती, कुणाची बदली, कुणाची रजा हे जिथे ठरत नाही पण लिहिलं जातं, ती आस्थापना शाखा. बाबांच्या टिपणीवर शिपायांचे कारकून झाले, कारकुनांचे साहेब झाले, आणि साहेब झाल्यावर जिन्यात बाबा दिसले की भिंतीवरचा पंखा बघू लागले. बाबा मात्र वरिष्ठ लिपिक म्हणून जे बसले ते वरिष्ठ लिपिक म्हणूनच उठले. कारण अगदी साधं होतं. स्वतःच्या बढतीचं प्रकरण स्वतः हाताळायचं नाही असा नियम, आणि बढतीची प्रकरणं हाताळायला शाखेत बाबांशिवाय दुसरं कुणी नाही. प्रकरण कपाटात, कपाटाची किल्ली बाबांच्या खिशात आणि नियम बाबांच्या डोक्यात, असा तो संसार सुखाने चालला होता. आई म्हणायची, "किल्ली माझ्याकडे द्या, मी जाऊन हाताळून येते." बाबा गंभीरपणे सांगायचे, "तू अनधिकृत आहेस."

निवृत्त झाल्यावर डॉक्टरांनी त्यांना व्यायाम सांगितला. चालायला जा, म्हणाले. बाबा चालायला गेले आणि गाद्यांच्या दुकानासमोर थांबले, कारण दुकानाच्या वरच्या हॉलवर एक पाटी होती: कुंग-फू वर्ग, बारा विद्यार्थी श्रेणी, प्रत्येक श्रेणीस परीक्षा व प्रमाणपत्र. दुसरा कुणी असता तर त्याला 'कुंग-फू' हा शब्द दिसला असता. बाबांना 'श्रेणी' दिसला. ते जिना चढून वर गेले आणि शिकवणाऱ्या बाईंना विचारलं, "वरची श्रेणी ज्येष्ठतेवर मिळते की गुणवत्तेवर?"

बाई म्हणाल्या, "घामावर."

"म्हणजे गुणवत्तेवर," बाबा म्हणाले, आणि नाव घालून आले.

कुंग-फू शिकवणाऱ्याला सिफू म्हणतात. आमच्या सिफूबाई दिवसा दातांच्या कवळ्या बनवायच्या आणि संध्याकाळी दात कसे पाडावेत ते शिकवायच्या. एकच माणूस दोन्ही टोकांनी धंदा सांभाळतोय हे मी त्यांना एकदा बोलून दाखवलं. त्या हसल्या नाहीत. त्यांनी माझ्या जबड्याकडे मोजमाप घेतल्यासारखं पाहिलं. त्यानंतर मी विनोद घरीच करायला लागलो.

मी तिथे कसा, तर जोडीदार म्हणून. या प्रकारात दोघांनी समोरासमोर उभं राहून मनगटाला मनगट टेकवायचं आणि न बघता, नुसत्या स्पर्शावरून, समोरचा काय करणार आहे ते ओळखायचं. बाबांच्या वयाचं वर्गात कुणी नव्हतं, आणि कॉलेजातल्या पोरांना बाबांच्या मनगटाला मनगट लावायला संकोच वाटायचा, कारण बाबा आधी "परवानगी आहे ना?" असं विचारायचे. शेवटी आईने मला ढकललं. "जा. तुला तरी काय काम असतं?"

मला काम असतं. मी लिफ्ट बसवणाऱ्या कंपनीत फोनवर असतो. लिफ्ट मधेच अडकली की आतला माणूस लाल बटण दाबतो आणि मी बोलतो. मिस्त्री पोचेपर्यंत त्याला बोलण्यात गुंतवून ठेवायचं, एवढंच माझं काम. "दार जबरदस्तीने उघडू नका, माणूस निघालाय, मी आहे फोनवर." या नोकरीत माणसं माझ्याशी भरभरून बोलतात आणि दार उघडलं की आभार न मानता फोन ठेवतात. तक्रार नाही. फक्त आई म्हणते तसं अगदीच रिकामटेकडा नाही मी.

तर कुंग-फू. पहिल्या श्रेणीत मुख्यतः उभं राहायला शिकवतात. पावलं आत वळवायची, गुडघे आत घ्यायचे, कंबर किंचित पुढे. ही पोझ सगळ्यांना जन्मजात येते, फक्त एरवी माणूस ती बंद दाराबाहेर, आतलं कुणी लवकर येत नसताना घेतो. बाबा त्या पोझमध्ये असे शांत उभे राहायचे की जणू त्यांची आख्खी नोकरी ही त्याचीच पूर्वतयारी होती. परीक्षेला कुंग-फू महासंघाचा परीक्षक आला, बाबा पास झाले आणि त्यांना पिवळा पट्टा मिळाला. कुंग-फूचा पट्टा रुंद असतो, रेशमी, कमरेला गुंडाळून बाजूला गाठ मारायची. बाबांनी तो सदऱ्यावरच बांधला आणि तसेच रस्त्याने घरी आले. आईने दार उघडलं, बघितलं, आणि शेजारणीकडून चांगला कॅमेरा असलेला फोन मागून आणला.

फोटोत बाबा हसतायत. त्यांचे दात दिसणारा तो एकच फोटो मी पाहिलाय.

पुढे नारिंगी आला, मग हिरवा. बाबा तिसरीत गेले. मी कशीबशी पहिली काढली आणि दुसरीत आपटलो. परत बसलो, परत आपटलो. मनगटाला मनगट लावलं की मला हसू येतं, आणि दुसऱ्या श्रेणीपासून हसण्याचे गुण कापतात. वर्गात श्रेणीप्रमाणे रांग लागते आणि खालच्यांनी वरच्यांना वाकून नमस्कार करायचा असतो. म्हणजे मी रोज संध्याकाळी माझ्या वडिलांना, एका दंतवैद्याच्या शेंबड्या लेकीला आणि आमच्या इमारतीत पाव टाकणाऱ्याला कमरेत वाकत होतो. पाववाला सकाळी दारात आला की मिस्कील हसायचा. त्याच्याकडचा पाव मी खाणं सोडलं. हा माझा सत्याग्रह कुणाच्या लक्षात आला नाही.

आणि मग एके दिवशी वर्गाला निघताना बाबांनी खुंटीवरचा हिरवा पट्टा काढला, नीट घडी घातली, पिशवीत ठेवला. हॉलवर गेल्यावर सिफूबाईंच्या हातात दिला. "हा चुकून माझ्याकडे आलाय. ज्यांचा असेल त्यांना द्या."

सिफूबाईंना वाटलं नम्रता. मला वाटलं विनोद, आणि मनातून मी खूशही झालो, की अखेर हे घराण्यात उतरलं, फक्त उलट्या दिशेने. बाबा नारिंगी पट्टा बांधून खालच्या रांगेत जाऊन उभे राहिले. माझ्या शेजारी. मी म्हटलं, "बाबा, तुमची जागा पुढे आहे." ते म्हणाले, "पुढे तिसरीवाले उभे राहतात रे. बघ जरा."

पट्टा मी घरी आणून परत खुंटीला लावला. ही माझी चूक झाली. दुसऱ्या दिवशी ऑफिसातून आलो तर बाबा तो हातात घेऊन इमारतीत दारोदार फिरत होते. "हा तुमचा का?" कुणी नाही म्हणालं की पुढचं दार. समोरच्या काकू म्हणाल्या, "नाही हो, आमच्यात हिरवं कुणाला शोभत नाही." वर राहणाऱ्या औषधवाल्या काकांनी तर घेऊन बघितला, ताणला, आणि पाठीच्या दुखण्याला बरा पडेल म्हणून ठेवून घ्यायला निघाले. मी वेळेवर पोचलो.

"बाबा, तो तुमचा आहे. तुम्ही तिसरी पास झालात."

"मी पास झालो असतो तर मला माहीत नसतं का?"

मी फोनमधला फोटो काढून दाखवला. हिरवा पट्टा, सिफूबाई, प्रमाणपत्र, मध्ये बाबा. त्यांनी चष्मा वर केला, खाली केला, बराच वेळ पाहिलं. "दिसतो खरा माझ्यासारखा," ते म्हणाले. "म्हणूनच हा घोटाळा झालेला दिसतोय."

डॉक्टरांनी आम्हाला समोर बसवून पुष्कळ समजावलं. त्यातलं मला कळलं ते एवढंच, की आठवणी एकदम जात नाहीत, आणि जाताना नवीन आधी जातात. बाबा तिथेच बसले होते. ते मान हलवून म्हणाले, "बरोबर आहे. कपात करायची तर शेवटी रुजू झालेला आधी कमी होतो. नियमच आहे." डॉक्टर हसले. आई खिडकीबाहेर बघत राहिली. घरात शेवटी कोण रुजू झालं होतं, हे काही मी त्या दिवशी मनात आणलं नाही.

इमारतीत बातमी पसरली आणि सल्ले सुरू झाले. औषधवाले काका म्हणाले, डाव्या हाताने दात घासायला लावा, मेंदूची दुसरी बाजू जागी होते. बाबांनी डाव्या हाताने घासले. मग आपण घासलेत का ते आठवेना, म्हणून उजव्या हाताने घासले. आठवडाभरात दात इतके चमकायला लागले की सिफूबाईंनी व्यावसायिक काळजीने विचारलं, कवळीची काही घाई आहे का. समोरच्या काकू म्हणाल्या, घरभर वस्तूंवर चिठ्ठ्या लावा. मी लावल्या. 'कपाट', 'फ्रिज', 'गॅस बंद करा'. बाबांनी लाल पेन घेऊन त्या तपासल्या. 'कपाट'च्या पुढे त्यांनी लिहिलं, 'लाकडी, एक कडी सैल'. खाली सही. चिठ्ठी अशी पूर्ण झाली.

पण दुखणं वेगळंच होतं. काही दिवसांनी नारिंगी पट्टाही परका झाला, मग पिवळाही. बाबा बिनपट्ट्याच्या नवशिक्यांत जाऊन उभे राहायला लागले, आणि घरी आले की एकच घोषा: पहिलीची परीक्षा कधी? उभं राहणं त्यांना अजून येत होतं. पहिला फॉर्म, म्हणजे हालचालींचा ठरलेला क्रम, हातांना पाठ होता, हात कधी चुकत नव्हते. चुकत होते ते फक्त बाबा. रोज संध्याकाळी ते परीक्षेची तयारी करायचे, आणि महासंघाची परीक्षार्थींची यादी आली की तिच्यात त्यांचं नाव नसायचं. "याही वेळी राहिलं," ते म्हणायचे. रागाने नाही. कचेरीत असताना घरी येऊन चपला काढता काढता ज्या आवाजात म्हणायचे, त्याच आवाजात. आई तो आवाज ऐकला की स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडायची.

एकदा ते म्हणाले, "आज नको जायला. उपयोग नाही." आणि पलंगाच्या काठावर बसून राहिले. माझ्या तोंडातून आपोआप ऑफिसातला आवाज आला. "घाबरू नका बाबा. माणूस निघालाय."

"कोण माणूस?" त्यांनी विचारलं.

याचं उत्तर आमच्या कंपनीने शिकवलेलं नाही.

तेव्हा मी ठरवलं की बाबांना पुन्हा एकदा पहिली पास करायचं. ज्या माणसाला आख्ख्या जन्मात एकदा बढती मिळाली आणि तीही आठवत नाही, त्याला ती परत मिळायला काय हरकत आहे? पुन्हा विसरले तर पुन्हा. इतरांना एकदाच होतो तो आनंद त्यांना दर तीन महिन्यांनी होईल. हिशेबाने बघितलं तर सगळ्यात भाग्यवान माणूस.

सिफूबाई लगेच तयार झाल्या. "आपण इथेच परीक्षा घेऊ. परीक्षक म्हणून कुणाला तरी बसवू." खालच्या गादीवाल्यांना बसवलं. ते कोट घालून आले, भारदस्त दिसत होते, वर्गाच्या धपधपाटामुळे त्यांना कुंग-फूचा अनेक वर्षांचा, खालून का होईना, अनुभव होता. बाबा पुढे आले, वाकले, आणि नम्रपणे म्हणाले, "आपलं नेमणूकपत्र?"

गादीवाल्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"महासंघाने आपल्याला परीक्षक नेमल्याचं पत्र असेल ना. नुसतं बघतो."

गादीवाले तिथल्या तिथे कबूल झाले. म्हणाले, माझं गाद्यांचं दुकान आहे, मला या मुलाने बोलावलं. बाबांनी त्यांना पाणी दिलं. मला बाजूला घेऊन म्हणाले, "अशाने मिळालेल्या पट्ट्याला अर्थ नसतो रे. माझ्यासाठी कुणी खोटं करायचं नाही."

म्हणून मी महासंघात गेलो. महासंघ म्हणजे ट्रॉफ्यांच्या दुकानामागची खोली, आणि महासंघाचे सचिव म्हणजे दुकानाचे मालक. भोवती चकाकणारे चषक आणि मध्ये हा माणूस, त्यामुळे त्यांच्याशी बोलताना सारखं हरल्यासारखं वाटायचं.

"पास झालेल्याला पुन्हा पास करता येत नाही," सचिव म्हणाले. "कॉम्प्युटर घेत नाही."

"त्यांना आठवत नाही पण."

"कॉम्प्युटरला आठवतं."

"मग त्यांना नापास करा."

"पास झालेल्याला नापासही करता येत नाही." मग त्यांना दया आली असावी. नियमांचं पुस्तक चाळून ते म्हणाले, "एक वाट आहे. पदावनती. सगळ्या श्रेणी काढून घेता येतात, मग माणूस पुन्हा पहिलीपासून बसू शकतो. पण त्याला गैरवर्तन लागतं. तुमच्या वडिलांनी रस्त्यात कुणाला मारलंय?"

"नाही."

"कुणाला शिवी?"

"एकदा गॅसवाल्याला 'आपण उशीर केलात' म्हणाले होते."

"तेवढ्यात नाही बसत," सचिव खरोखरच हळहळून म्हणाले. "बघा ना, काही असेल तर. घरातलं चालेल."

घरातलं चालेल म्हटल्यावर मारहाणीला बळी एकच उपलब्ध होता. मी तक्रार लिहिली की वडिलांनी मला मारलं. रंगात आल्यावर माणूस थांबत नाही. उजव्या कोपराचा फटका, वरून खाली, छातीवर, असं सगळं सविस्तर लिहिलं. साक्षीदार म्हणून औषधवाल्या काकांनी आपण होऊन नाव दिलं. तेवढ्यावर थांबले असते तर बरं, पण मला छातीला लावायला मलमही देऊन गेले. आईला मात्र सही कर म्हटलं तर तिने कागद वाचला आणि माझ्याकडे अशी बघत राहिली की तो फटका खरंच बसल्यासारखं वाटलं.

"यांनी? तुला?" ती म्हणाली. "माशी मारायची तर आधी खिडकी उघडून तिला संधी देतात ते."

"आई, त्यांच्यासाठीच चाललंय हे."

"ते कळतंय मला. म्हणून तर सही होत नाहीये."

चौकशीची तारीख लागली. बाबांना सांगितलं की एका प्रकरणाची सुनावणी आहे. बस्स, 'प्रकरण' म्हटल्याबरोबर त्यांनी इस्त्रीचा सदरा काढला, खिशाला पेन लावलं, आणि माझ्यापुढे दोन पावलं चालायला लागले. कित्येक महिन्यांत त्यांना असं चालताना पाहिलं नव्हतं. ट्रॉफ्यांच्या दुकानामागच्या खोलीत शिरले ते सरळ टेबलाला वळसा घालून सचिवांच्या खुर्चीत बसले. सचिव काही बोलणार, तोच सिफूबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. जबड्याकडेच. सचिव आमच्या बाजूच्या स्टुलावर येऊन बसले.

"तक्रारदार कोण?" बाबांनी विचारलं.

"मी."

"बसा. संबंधित इसम हजर आहेत?"

सचिवांनी बाबांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. शेवटी सिफूबाई म्हणाल्या, "हजर आहेत."

"ठीक." बाबांनी माझी तक्रार वाचली. शांतपणे, ओठ न हलवता, कचेरीत वाचत असतील तशी. "तुम्हाला तुमच्या वडिलांनी मारलं."

"हो."

"कशावरून?"

हे मी ठरवलंच नव्हतं. "दूध उतू गेलं. माझ्या हातून."

"दूध उतू गेल्यावरून कोपर," बाबांनी लिहून घेतलं. मग सिफूबाईंकडे वळले. "हा कोपराचा फटका कितव्या श्रेणीत शिकवला जातो?"

सिफूबाईंनी माझ्याकडे माफी मागितल्यासारखं पाहिलं. कवळी असो की कुंग-फू, माप चुकवणं त्यांना जमत नाही. "पाचवीत."

"आणि इसम कितवीत आहेत?"

"तिसरीत."

बाबांनी पेनाला टोपण लावलं. "म्हणजे जे शिकवलंच नाही, ते इसमांनी केलं, असं तक्रारदारांचं म्हणणं आहे. साक्षीदार?"

औषधवाले काका उभे राहिले. "मी लांबून पाहिलं. म्हणजे आवाज ऐकला. म्हणजे मला मागाहून सांगितलं गेलं."

"आपण गेलात तरी चालेल," बाबा म्हणाले. काका इतक्या सुटकेने निघाले की वाटेतला एक चषक पाडून गेले. बाहेर तो बराच वेळ लोळत असल्याचा आवाज येत राहिला.

मग बाबा माझ्याकडे वळले. चेहऱ्यावर राग नव्हता. नुसतं कुतूहल होतं, परक्या माणसाबद्दल असतं तसं. मला वाटलं, मनाने कचेरीत शिरलेत, साहेबाच्या खुर्चीचा गुण आहे. "वडिलांविरुद्ध खोटी तक्रार का केलीत?"

मी सांगितलं. काय करणार? सांगितलं की त्यांना तिसरी पास झाल्याचं आठवत नाही. स्वतःचाच पट्टा दुसऱ्याचा म्हणून परत करतात. खालच्या रांगेत उभे राहतात आणि याही वेळी राहिलं म्हणतात. नोकरीत त्यांना कधी काही मिळालं नाही, हे एक मिळालं, तेही गेलं. त्यांना खाली आणलं असतं तर पुन्हा वर जाता आलं असतं. एवढंच होतं. मध्येच सचिव उगाचच एक चषक पुसायला लागले.

बाबांनी सगळं ऐकून घेतलं. तक्रारीचा कागद घडी घालून टेबलावर ठेवला.

"यात इसमांची चूक कुठे आहे?" ते म्हणाले. "विसरणं म्हणजे गैरवर्तन नव्हे. आणि धारण करणाऱ्याला आठवत नाही म्हणून पद रिकामं होत नसतं. त्यांनी मिळवलं ना? रीतसर? मग झालं. ते लक्षात ठेवण्याची जबाबदारी त्यांच्यावर नाही. ते आस्थापनेचं काम." मग सचिवांना म्हणाले, "घ्या लिहून. पदावनती नामंजूर. प्रकरण निकाली."

सचिवांनी खरोखर लिहून घेतलं. जाताना मला दारात गाठून म्हणाले, "यांना कधी कुणी साहेब कसं केलं नाही हो?" मी म्हटलं, मोठी गोष्ट आहे. बसमध्ये बाबा खिडकीशी बसून समाधानाने बाहेर बघत होते. मी शेजारी होतो. त्यांनी एकदाच माझ्याकडे पाहिलं आणि बसायला पुरेशी जागा मिळावी म्हणून थोडे सरकले.

नामंजुरीपुढे इलाज नव्हता. इलाज केला तो सिफूबाईंनी, स्वतःच्या अधिकारात. दुसऱ्या दिवशी त्यांनी जाहीर केलं की यापुढे वर्गात कुणीच पट्टा बांधायचा नाही, पट्टे फक्त परीक्षेला. दंतवैद्याची लेक रुसली. पाववाला म्हणाला, "मग वाकायचं कुणी कुणाला?" सिफूबाई म्हणाल्या, "सगळ्यांनी सगळ्यांना." रांगच मोडली. पुढचे मागे, मागचे पुढे, सगळे नुसते सदऱ्यात उभे. बाबा दाराजवळ, भिंतीला धरून. मी जाऊन त्यांच्यासमोर उभा राहिलो आणि वाकलो. तेही वाकले.

"परवानगी आहे ना?" त्यांनी विचारलं, आणि मनगटाला मनगट टेकवलं. हात फिरायला लागले. माझ्या मनगटाने काय करायचं ठरवलंय ते त्यांच्या मनगटाला माझ्याआधी कळत होतं. मला यायचं ते हसू आलं नाही.

"आजच आलात?" बाबा म्हणाले.

हॉलमध्ये ना टेबल होतं ना खुर्ची. कचेरीचं काहीच नव्हतं.

"हो," मी म्हणालो.

"मीही नवीनच. घाबरू नका, जमतं हळूहळू." हात फिरत राहिले. "तुमच्या घरी करतं का कुणी हे?"

"वडील करतात."

"अस्सं? कितवीत आहेत?"

"तिसरीत."

बाबांचे हात थांबले. "तिसरीत? काय वय असेल?"

"निवृत्त झाल्यावर सुरू केलं त्यांनी."

"निवृत्त झाल्यावर तिसरी." त्यांनी मान हलवली, दोनदा. "सोपं नाही हो ते. मी अजून पहिलीलाच अडकलोय." मग जरा पुढे झुकून, वर्गाला ऐकू जाणार नाही अशा बेताने म्हणाले, "माझं एक काम कराल? त्यांना सांगा, वर्गातल्या एकाने अभिनंदन केलंय म्हणून. मी बढत्यांचे आदेश फार लिहिले. आदेश सगळे पोचवतात. अभिनंदन कुणी पोचवत नाही, ते राहून जातं."

"सांगतो."

"नक्की?"

"नक्की सांगतो."

बाबांनी समाधानाने मान डोलावली आणि माझ्या मनगटावर पुन्हा मनगट टेकवलं. "चला," ते म्हणाले, "करा सुरू."